अमिषा मास्क का ओढायची

अल्पेश गायकर ट्रकवर आणि दुर्गा घरात, असं त्या दोघांचं तेरा-चौदा वर्षं चाललं होतं. दिघी बंदरातून माल भरायचा, पुण्याच्या पलीकडे नेऊन टाकायचा आणि चौथ्या दिवशी अंग धुवायला घरी यायचं. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये हे सगळं उलटं झालं. ट्रक घराशेजारी उभा राहिला. दुर्गा गावची आशा सेविका, ती सकाळी आठ वाजता मास्क लावून बाहेर पडू लागली. कुणाला ताप आहे, मुंबईहून कोण आलंय, कुणाला शाळेत वेगळं ठेवलंय, याच्या याद्या करत ती दुपारी दोन-तीनला परतायची. तोवर घरात अल्पेश आणि त्यांची नऊ वर्षांची लेक अमिषा.

अमिषाला डाउन सिंड्रोम आहे हे ती जन्मली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं. उशिरा चालली, उशिरा बोलली, आणि बोलायची तेही तुटक, अर्धे शब्द गिळून. अल्पेशचा तिच्यावर जीव होता. प्रत्येक खेपेहून तो तिच्यासाठी काही ना काही आणायचाच. पण सबंध दिवस तिच्याबरोबर एकटा असा तो कधी राहिला नव्हता. तिचे केस विंचरायचे तर भांग कुठून पाडायचा, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

बोर्ली पंचतनच्या बाजारामागे एका खोलीत अमिषासारख्या सात मुलांचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या रुचिता दिवेकर मुरूडच्या. रोज आगरदांड्याहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून दिघीला यायच्या आणि तिथून रिक्षानं बोर्लीला. लॉकडाउन लागला तशी बोट बंद झाली. बाई खाडीच्या पलीकडे आणि मुलं अलीकडे. आठवडाभर थांबून बाईंनी सगळ्या घरी फोन केले.

"अल्पेशदादा, रोज अकराला मी व्हिडिओ कॉल करणार. वीस मिनिटं. अमिषाजवळ कोणीतरी बसायला हवं."

"बाई, दुर्गा तं ड्युटीला जाते. मीच हाय घरात."

"मग तुम्हीच बसा."

अल्पेशनं हो म्हटलं. फोन हातात धरून बसायचं, त्यात काय एवढं, असं त्याला वाटलं.

पहिल्याच दिवशी फसगत झाली. बाईंनी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढून ठेवायला सांगितली होती. पाणी, मासा, चप्पल, चमचा, केळं. अल्पेशनं जमतील तशी काढली होती. माशाला पाय असल्यासारखं दिसत होतं, पण बाई काही बोलल्या नाहीत. पडद्यावरून त्यांनी विचारलं, "अमिषा, चप्पल कुठे आहे?"

अमिषा बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. एक क्षण गेला, दोन गेले. अल्पेशनं चपलेच्या पत्रिकेवर बोट ठेवलं. "ही बघ. ही चप्पल."

"दादा," बाई म्हणाल्या, "तुम्हाला चप्पल ओळखता येते हे मला माहीत आहे."

अल्पेश ओशाळून हसला.

"तिला वेळ लागतो. प्रश्न आत पोहोचायला वेळ, उत्तर बाहेर यायला वेळ. तुम्ही मधे पडलात की तिनं सुरू केलेलं काम तिथंच थांबतं. मनात दहा आकडे मोजा. हात मांडीखाली दाबून ठेवा हवं तर."

म्हणून तो हात मांडीखाली घेऊन बसू लागला. दहा आकडे मोजणं इतकं जड असतं हे त्याला पहिल्यांदा कळलं. घाटात समोरून गाडी आली की क्षणात निर्णय घ्यायची सवय असलेला माणूस तो. इथं चार-पाचवरच जीभ वळवळायला लागायची. पण कधी सातावर, कधी नवावर अमिषाचं जाडसर बोट हळूच पुढे यायचं आणि बरोबर चित्रावर टेकायचं. मग ती स्वतःच टाळ्या वाजवायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्यानं दुर्गेला ड्युटीवर फोन करून सांगितलं. दुर्गा म्हणाली, "अवो, तिला येते ते. तुम्हाला आज दिसलं."

मेअखेर अमिषाला अठरा पत्रिका ओळखता येत होत्या आणि त्यातल्या अकरा शब्दांचे तिच्यापरीनं उच्चारही करता येत होते. पाणी म्हणजे 'पाई', केळं म्हणजे 'केअं'. अल्पेशला त्याचा केवढा अभिमान. शेजारच्या निकेशला बोलावून तो तिच्याकडून म्हणवून घ्यायचा.

जूनच्या तीन तारखेला वादळ आलं. निसर्ग त्याचं नाव. दुपारच्या दोन-तीन तासांत बोर्ली-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. गायकरांच्या पडवीचे सगळे पत्रे उडाले, त्यातला एक ट्रकच्या काचेवर येऊन पडला. विजेचे खांब रस्त्यावर कलंडले ते महिनाभर तसेच होते. घरात उजेड नाही, नळाला पाणी नाही, फोनला रेंज नाही. अल्पेश आणि निकेश रोज वाटेवरची झाडं तोडत होते. दुर्गा तर आधीच दमलेली होती, तिच्या मागे आता पंचनाम्याच्या लोकांबरोबर घरोघर फिरायचं काम लागलं.

दहा-बारा दिवसांनी निकेशनं बातमी आणली. दिघीच्या रस्त्यावर चढणीच्या वळणाला एसटीचा थांबा आहे, तिथं उभं राहिलं की थोडी रेंज मिळते. अल्पेशनं ट्रकच्या बॅटरीवर फोन चार्ज केला, अमिषाला मोटरसायकलवर पुढे बसवलं आणि थांब्यावर गेला. बाईंचा फोन लागला. त्यांचंही घराचं छप्पर गेलं होतं. तरी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "अमिषा कशी आहे?"

दुसऱ्या दिवसापासून एसटीच्या थांब्यावर शाळा सुरू झाली. एसटी येतच नव्हती, त्यामुळे बाकडं मोकळं असायचं. रेंज इतकी बारीक की चित्र येत नसे. नुसता आवाज. अल्पेश स्पीकर लावून फोन बाकड्यावर ठेवायचा आणि समोर पत्रिका मांडायचा.

"अमिषा, मासा दाखव."

अमिषा फोनकडे बघायची. मग अल्पेशकडे. अल्पेश हात मांडीखाली घेऊन दहापर्यंत मोजायचा, मग वीसपर्यंत. काही नाही. कधी ती भलतीच पत्रिका उचलायची, कधी सगळ्या गोळा करून एकावर एक रचत बसायची. चौथ्या दिवशी तिनं दोन-तीन पत्रिका गटारात टाकल्या.

"मे महिन्यात येत व्हतं गं तुला हे! काय झालं तुला?" अल्पेश ओरडला. अमिषानं त्याच्याकडे पाहिलं आणि खालचा ओठ पुढे काढला. तिचा दंड त्यानं जरा जोरातच धरला होता, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं हात सोडला.

"बाई, विसरली ती सगलं," तो फोनमध्ये म्हणाला. "मेहनत पाण्यात गेली."

बाईंनाही तसंच वाटत होतं. वादळानं मुलं बिथरलीत, रोजचा क्रम मोडलाय, काही दिवस मागे जातील, मग सावरतील, असं त्यांनी समजावलं. पण बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता.

अशात अमिषाची आणखी एक खोड वाढली. ती लोकांचे मास्क ओढायची. दुर्गा ड्युटीवरून आली की अजून हातही धुतलेले नसायचे, तोच ही जाऊन तिच्या तोंडावरचा मास्क खाली खेचायची. दुर्गेला धडकी भरायची. दिवसभर कुठकुठल्या घरांतून फिरून आलेली ती. ती अमिषाला लांब ढकलायची, मग स्वतःच रडायची. निकेशचा मास्क तर तिनं ओढून तोडलाच. एकदा अल्पेश तिला घेऊन रेशनला गेला होता. दुकानदार बाळाजी शेठ, वय सत्तरीच्या पुढे, वाकून तिला म्हणाले, "काय गं, कशी हायेस?" अमिषानं दोन्ही हातांनी त्यांचा मास्क हनुवटीखाली आणला. बाळाजी शेठ असे मागे सरकले की तांदळाच्या पोत्यावर बसले.

"पोरीला घरात ठेव रे बाबा," ते म्हणाले. "आमाला मारशील."

अल्पेशला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी थांब्यावर तो बाईंना हे सांगत होता ते तक्रार म्हणून. "बाई, मारलं न्हाय मी, पण मारायचं बाकी ठेवलंय. किती सांगितलं तरी ऐकतच न्हाय. माणूस बोलायला लागला रे लागला की तोंडाला हात."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. रेंज गेली असं समजून तो हॅलो हॅलो करू लागला.

"आहे, आहे मी," बाई म्हणाल्या. "दादा, माणूस गप्प असला तर? तेव्हाही ओढते?"

अल्पेशनं आठवून पाहिलं. निकेश बोलत होता. बाळाजी शेठ बोलत होते. दुर्गा आल्या आल्या बोलतेच. दवाखान्याच्या रांगेत मात्र दहा माणसं मास्क लावून गप्प उभी होती, तेव्हा अमिषा शांत होती.

"न्हाय," तो म्हणाला. "बोललं की ओढते."

"एक काम करा. पत्रिका तिच्यासमोर मांडा. तुम्ही तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहा. ओरडू नका, नेहमीच्या आवाजात एकेक नाव घ्या. दहा नावं. किती बरोबर येतात मोजा. मग समोर बसून तीच दहा."

थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. अल्पेश अमिषाच्या मागे गेला. "मासा." ती पत्रिकांशी खेळत राहिली. "चप्पल." तिनं चमचा उचलला. दहात दोन बरोबर आले, तेही बहुधा असेच. मग तो पुढे येऊन बाकड्यापाशी उकिडवा बसला. मास्क खाली केला. "मासा." अमिषानं त्याच्या ओठांकडे टक लावून पाहिलं आणि माशावर बोट ठेवलं. "चप्पल." चप्पल. "चमचा." चमचा. दहात नऊ.

अल्पेशनं घाईनं फोन उचलला. त्यानं आकडे सांगितले.

"तिला तोंड बघायचं असतं," बाई हळू बोलल्या. "तिला नीट ऐकू येत नाही, दादा. ओठ बघून ती समजून घेते. विसरली-बिसरली काही नाही. चित्र बंद झालं, तोंडं झाकली गेली, तिनं करायचं तरी काय?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "दोन वर्षं माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसायची. मला वाटायचं, किती लक्ष देते. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

अल्पेश पत्रिका गोळा करू लागला. त्याला मागल्या वर्षीची दिघीची जेट्टी आठवत होती. फेरीबोटीतून गाड्या उतरत होत्या, एक टेम्पो मागे येत होता आणि अमिषा त्याच्याच वाटेत चालली होती. तीन हाका मारल्या त्यानं. ती वळली नाही. धावत जाऊन त्यानं तिला ओढलं आणि सगळ्यांच्या देखत थोबाडीत मारली, हाक ऐकत नाही म्हणून. तिला का मारलं ते तिला कळलंच नसणार.

घरी येऊन त्यानं दुर्गेला सांगितलं. दुर्गा चुलीपाशी बसली होती, गॅस संपला होता. तिनं ऐकून घेतलं आणि उठून पेटीतली प्लास्टिकची पिशवी काढली. अमिषा चार वर्षांची असताना एका शिबिरात तिचे कान तपासले होते, त्याचा कागद. वादळात भिजून शाई पसरली होती, पण वाचता येत होतं. 'मूल सहकार्य करत नाही. पुन्हा आणावे.'

"पुन्हा न्हेलंच न्हाय आपण," दुर्गा म्हणाली. "मी लोकांच्या पोरांना डोस चुकवू नका सांगत फिरते. माझ्या पोरीचा कागद पेटीत ठेवला मी."

"मी तं तो वाचला पण न्हवता," अल्पेश म्हणाला.

अमिषा दारात बसून मांजराच्या पाठीवर चमचा फिरवत होती.

कानांची तपासणी कशी होते, ते बाईंनी नीट समजावून सांगितलं. कानावर हेडफोन लावतात, त्यात बारीक-मोठे आवाज सोडतात आणि ऐकू आला की मुलानं एक मणी डब्यात टाकायचा. एवढंच. पण अमिषाला हे एका दिवसात जमणार नाही. तपासणाऱ्या बाई अर्धा तास देतील, ती हेडफोन फेकून देईल, आणि पुन्हा तोच शेरा. "म्हणून आधी आपण घरी शिकवायचं. पुरतं आलं की मगच जायचं."

"किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे."

जुलैच्या मध्यावर टॉवर दुरुस्त झाला, पडद्यावर बाईंचं तोंड पुन्हा दिसू लागलं. अमिषानं फोनलाच गाल लावला. त्याच दिवशी नवा अभ्यास सुरू झाला. मणी कुठून आणणार? वादळानं पडलेल्या ओल्या सुपाऱ्यांचा अंगणात ढीग होता. एक टोपली घेतली आणि समोर बिस्किटाचा पत्र्याचा डबा ठेवला. अल्पेशनं अमिषासमोर वाटीवर चमचा वाजवायचा, आणि वाजला की तिनं सुपारी डब्यात टाकायची.

पहिले तीन दिवस ती टोपलीच डब्यात उपडी करायची. चौथ्या दिवशी बाईंनी सांगितलं, टोपली तुमच्याजवळ ठेवा, एका वेळी एकच सुपारी तिच्या हातात द्या आणि ती सुपारी गालाला लावून धरायला शिकवा. गालाला लावली की आवाज येईपर्यंत मूल थांबतं. ते लागू पडलं. वाटी वाजली, गालावरची सुपारी डब्यात. वाजली, डब्यात. मग अल्पेश तिच्या मागे गेला. तिथंही पाच-सहा वेळा बरोबर आलं आणि तो खूश झाला, पण बाईंनी पडद्यावरून सगळं पाहिलं होतं.

"दादा, ती दुर्गाताईंकडे बघतेय."

समोर बसलेली दुर्गा प्रत्येक वेळी वाटी वाजली की नकळत भुवया उचलत होती. अमिषा भुवया बघून सुपारी टाकत होती. दुर्गेला हसूही आलं आणि रडूही. त्या दिवसापासून घरात दोघांनी चेहरे दगडासारखे ठेवायला शिकायचं असं ठरलं. अल्पेशला ते अवघड गेलं नाही, पोलिसांनी गाडी अडवल्यावर तो तसाच चेहरा करायचा. दुर्गा मात्र शेवटी भिंतीकडे तोंड करून बसू लागली.

हेडफोनसाठी निकेशनं आपल्या भावाला, हर्षदला गाठलं. तो लग्नांत डीजे लावायचा, आणि लग्नं बंद असल्यामुळे त्याचे मोठे काळे हेडफोन खोक्यात पडून होते. अमिषानं ते डोक्यावर ठेवल्याबरोबर भिरकावले. दुसऱ्या दिवशी आधी अल्पेशनं घातले, मग दुर्गेनं, मग पडद्यावर बाईंनी आपल्या मुलाचे घातले. अमिषा खदखदून हसली, तरी स्वतः घालेना. बाई म्हणाल्या, दोन मोजेपर्यंतच ठेवायचे आणि आपणच काढायचे, तिनं काढायच्या आत. दोनाचे तीन, तिनाचे पाच. मधे एक आठवडा तिला ताप आला, सगळे घाबरले, साधाच निघाला. बरी झाल्यावर ती हेडफोनला पुन्हा हात लावेना. परत दोनापासून सुरुवात.

सुपाऱ्या वाळत गेल्या, डब्यात पडताना त्यांचा आवाज बदलला. ऑगस्टच्या शेवटी अमिषा हेडफोन घालून, गालाला सुपारी लावून दहा मिनिटं बसू शकत होती आणि आवाज कानावर आला तरच ती डब्यात टाकत होती.

फेरीबोट सुरू झाल्यावर सप्टेंबरात बाईंनी अलिबागच्या एका दवाखान्यात वेळ घेतली. कान तपासणाऱ्या रचनाताईंशी त्या आधीच दोनदा फोनवर बोलल्या होत्या. मास्कची गोष्टही त्यांनी सांगून ठेवली होती.

दुर्गेला ड्युटी होती, म्हणून अल्पेश आणि अमिषानं दोघांनीच दिघीहून सकाळची बोट घेतली. आगरदांड्याच्या जेट्टीवर बाई उभ्या होत्या, त्या बरोबर येणार होत्या. सहा महिन्यांनी प्रत्यक्ष भेट होत होती. अमिषा त्यांच्याजवळून सरळ पुढे निघाली. तेव्हा बाई तिच्या समोर जाऊन चार पावलांवर उभ्या राहिल्या, मास्क खाली केला आणि नुसतं तिचं नाव घेतलं. अमिषानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग अल्पेशच्या खिशातल्या फोनकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. फोनमधली बाई बाहेर कशी आली, हे तिला काही केल्या उमगेना.

दवाखान्यात रचनाताई मास्कऐवजी डोक्यावरून घ्यायची पारदर्शक काच लावून आल्या. वाकून अमिषासमोर बसल्या. "अमिषा, मी रचना." अमिषानं हात उचलला, काचेवर टेकवला, आतलं तोंड दिसतंय हे पाहिलं आणि हात खाली घेतला. तिला हेडफोन लावले. तिनं लावू दिले. रचनाताईंनी तिच्या हातात मणी दिला. तिनं तो लगेच गालाला लावला.

"हे कुणी शिकवलं?" रचनाताईंनी विचारलं.

"बाईंनी," अल्पेश म्हणाला.

"यांनी," त्याच वेळी बाई म्हणाल्या.

आवाज सुरू झाले. मणी पडू लागले. एक, दोन, तीन, चार. अल्पेश तिच्या समोरच्या कोपऱ्यात बसला होता, चेहरा दगडाचा. मग रचनाताईंनी एक बटण फिरवलं आणि अमिषाचा हात थांबला. यंत्रावरचा लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. गालाला मणी तसाच. ती अल्पेशकडे बघू लागली. टाकू का, असं विचारत असल्यासारखी. त्याच्या मनात आलं, नुसती मान हलवली तर काय बिघडलं? एवढ्या लांब आलोय, एवढी मेहनत केलीय, सगळे मणी पडायला हवेत. त्यानं नजर आपल्या चपलांवर खिळवली. हात मांडीखाली घेतले आणि मोजत राहिला.

मणी पडला नाही.

रचनाताई यंत्रामागून उठून आल्या तेव्हा तो उठून उभा राहिला. "चुकलं का वो तिचं?"

"चुकलं नाही. ऐकू आलं नाही म्हणून टाकला नाही, हेच तर मला हवं होतं. ही परीक्षा नाही, भाऊ. तिनं उगाच टाकला असता तर माझं काम वाया गेलं असतं. या वयाच्या धडधाकट मुलांकडूनही मला कधी कधी इतका स्वच्छ रिपोर्ट मिळत नाही."

दोन्ही कानांत मध्यम बहिरेपण निघालं. साधं बोलणं पाठीमागून किंवा लांबून आलं तर तिच्यापर्यंत पोहोचत नव्हतं, मोठा आवाज तेवढा पोहोचायचा. डॉक्टरांनी कानात पाहिलं. पडद्यामागे चिकट पाणी साठलं होतं. अशा मुलांच्या कानांची वाट अरुंद असते, हे त्यांच्यात पुष्कळदा होतं, म्हणाले. तीन महिने बघू, नाही ओसरलं तर पडद्यात बारीकशी नळी बसवू. छोटी शस्त्रक्रिया आहे. काही मुलांना पुन्हा करावी लागते, हेही त्यांनी आताच सांगून ठेवलं.

परतीच्या बोटीत दुर्गेचा फोन आला. अल्पेशनं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आपण नऊ वर्षं तिच्या पाठीशी बोलत व्हतो."

पाणी ओसरलं नाही. जानेवारीत नळ्या बसवल्या. त्याच सुमाराला अल्पेशचा ट्रक पुन्हा सुरू झाला, पण त्यानं मालकाला सांगून लांबच्या खेपा सोडल्या. मुक्कामाचं काम आता दुसरा ड्रायव्हर करतो. मालक कुरकुरला, पण कबूल झाला.

अमिषा काही एकदम बोलायला लागली नाही. उलट पहिले पंधरा दिवस ती चिडचिडी झाली होती. मिक्सर लावला की कानांवर हात, कुकरची शिट्टी झाली की अंगणात पळायची. जग एवढं गोंगाटाचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. मग हळूहळू निवळलं. पाठीमागून हाक मारली की वळू लागली, दहातून सात-आठ वेळा. बाकीच्या दोन-तीन वेळा तिला यायचंच नसतं, असं दुर्गेचं म्हणणं. 'पाई'चं 'पानी' झालं. ट्रक आला की अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहते, तो दिसायच्या आधी.

बोर्लीचा वर्ग उघडला तेव्हा बाईंनी सात पालकांना बोलावून एक गोष्ट मागितली. दर गुरुवारी संध्याकाळचा व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा. वर्गात मुलं शिकतील, गुरुवारी पालकांनी शिकायचं. सगळ्यांच्या कानांच्या तपासण्या करून घ्यायच्या हेही ठरलं. त्यातून आणखी एका मुलाचा, वरदचा, डावा कान अधू निघाला. वरदची आई तयारीसाठी अल्पेशला फोन करू लागली. तो तिला सांगायचा, "वैनी, आधी तुमच्या भुवया सांभाला."

अशाच एका गुरुवारी सातही घरं पडद्यावर होती. बाईंनी मुलांना विचारलं, "आज घरात कसला आवाज ऐकलात?" वरद म्हणाला, कोंबडा. कुणी म्हणालं, टीव्ही. अमिषाची पाळी आली. अल्पेश शेजारी बसला होता. त्यानं मोजायला सुरुवात केली, पण तिनावरच अमिषा पुढे सरसावली.

"पपा," ती म्हणाली, आणि नाक वर करून, डोळे मिटून, घशातून लांबलचक घोरली.

सातही चौकटींत हशा पिकला. बाई पदरानं डोळे पुसू लागल्या. अल्पेशनं फोन फिरवायचा प्रयत्न केला, तोवर मागून दुर्गा भाताचं पातेलं घेऊन आली होती.

"बाई," ती पडद्याकडे वाकून म्हणाली, "लगीन झाल्यापासून मी हेच सांगतेय, तं म्हणतात मी घोरतच न्हाय. आता तुमी ऐकलंत ना?"